दुखत नाही, रक्त येत नाही, तरी दात हलतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आई ५४ वर्षांची आहे, देवगडजवळ गावी असते. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. तिचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, पण दुखत अजिबात नाही. पूर्वी चूळ भरताना रक्त यायचं, मशेरी लावायला लागल्यापासून तेही थांबलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितलं, पण वाडीतले लोक म्हणतात किटण काढलं की दात आणखी हलतात. दात घट्ट करणारी एखादी पेस्ट किंवा गोळी आहे का?"

अशी पेस्ट नाही आणि गोळीही नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे त्यात पैसे आणि महिने जाणार नाहीत.

मी २४ वर्षं सिंधुदुर्गात दातांचा दवाखाना चालवतोय. तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी घरच्यांना दिलासा देणाऱ्या वाटत असतील: दुखत नाही, रक्त थांबलं, आणि किटण आहे म्हणून दात अजून जागेवर आहेत. मला नेमकी या तिन्हींचीच काळजी वाटते. म्हणून "दात घट्ट कसा करू" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. दाताखालचं हाड इतकी वर्षं गुपचूप झिजत असताना कुणाच्या लक्षात का आलं नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कळलं तर उरलेले दात वाचतील. आईंना मी तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे त्या दोन दातांचं नक्की काय होईल हे इथून सांगता येणार नाही. ते कशावर ठरतं, ते मात्र पुढे सांगतो.

मुळात हा दाताचा आजार नाहीच. दात शाबूत असतो, कीडही नसते. आजार आहे तो दाताला धरून ठेवणाऱ्या हिरडीचा आणि हाडाचा. सकाळी उठल्यावर दातावर नख फिरवलं तर पांढुरकं चिकट काहीतरी नखात येतं. तो जिवाणूंचा थर असतो, आम्ही त्याला प्लाक म्हणतो. रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसत जातात आणि त्याचा दगड होतो, तेच किटण. लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली आणि वरच्या दाढांसमोर गालाच्या आत उघडतात, त्यामुळे किटण सगळ्यांत आधी चढतं ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला. आईंचे नेमके तेच दात हलतायत. त्यांना तिथे जीभ फिरवून बघायला सांगा. जांभ्याच्या चिऱ्यावरून बोट फिरवल्यासारखं खरखरीत लागलं तर ते किटण समजा.

हिरडी सुजायला किती दिवस लागतात? १९६५ साली हाराल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं होतं. दहा दिवस ते तीन आठवड्यांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. ही पहिली पायरी, आणि ती पूर्ण मागे फिरवता येते. ब्रशवर गुलाबी रंग दिसला तर घाबरून ब्रश बाजूला ठेवण्याऐवजी त्याच जागी हलक्या हाताने, पण नीट घासायचं ते याचसाठी.

दुसऱ्या पायरीवर सूज खाली हाडापर्यंत उतरते आणि हाड झिजायला लागतं. झिजलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, उरलेलं टिकवता येतं. खालच्या पुढच्या दाताचं मूळ साधारण १२-१३ मिलिमीटरचं असतं. त्यातलं दोन-तीन मिलिमीटर हाड गेलं तरी माणसाला काही कळत नाही. निम्म्याहून जास्त गेलं की दात हलतो, आणि तेव्हा लोक आमच्याकडे येतात. कीड नसेपर्यंत ठणका लागत नाही, कारण सूज हळूहळू वाढते आणि पू साठून न राहता हिरडीच्या कडेने झिरपत राहतो. दुखणं ही या आजाराची खूण नाही, असं माझं अनुभवाचं ठाम मत आहे. दुखायची वाट बघत थांबलेल्या माणसांचे मी सगळ्यांत जास्त दात काढले आहेत.

"आमचे आजोबा कधी ब्रश धरायचे नाहीत, आंब्याच्या पानाने दात घासायचे, आणि नव्वदीतही सुपारी फोडायचे" हे मी प्रत्येक गावात ऐकतो. ते खोटं नसतं. ल्यो यांनीच श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० कामगारांची तोंडं १९७० पासून १५ वर्षं पुन्हापुन्हा तपासली होती. दात घासायची पद्धतच त्यांच्यात नव्हती, सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण होतं. तरी साधारण ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम वेगाने, आणि ११ टक्क्यांचं प्रकरण हिरडीच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. त्यांचा नातू त्यातला आहे का, हे तोंड बघून आधी ओळखता येत नाही. कुणाचं हाड वेगाने जातं ते थोडं रक्तातून आलेलं असतं आणि बरंचसं सवयींवर आणि शरीरातल्या इतर आजारांवर ठरतं. तुमच्या आईंच्या बाबतीत त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली मशेरी. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ती काळी होते, वास बदलतो, म्हणून ती तंबाखू वाटत नाही. जी बाई विडीला हात लावणार नाही, ती दिवसातून चार वेळा मशेरी लावते आणि "मला व्यसन कसलंच नाही" असं मनापासून सांगते. बहुतेकींनी ती दात-हिरडीच्या दुखण्यावर औषध म्हणून सुरू केलेली असते, बऱ्याचदा सासूने किंवा शेजारणीने दिलेली. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही.

पण रक्त का थांबतं ते समजून घ्या. तंबाखूतल्या निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सुजेची बाहेर दिसणारी खूण दबते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये याचा चांगला अभ्यास झालेला आहे, आणि मशेरी लावणाऱ्यांच्या तोंडात मी ते रोज बघतो. हिरडी लाल आणि मऊ दिसण्याऐवजी फिकट, जाड आणि घट्ट दिसते. आतला आजार चालूच असतो, त्याची ओरड तेवढी बंद होते.

दवाखाना सुरू केला त्या वर्षांत माझ्याकडून ही चूक झाली आहे. एक काकी आल्या होत्या, वरची दाढ किडली म्हणून. "डॉक्टरानू, मशेरी लावतंय तेव्हापासून रगात येणा नाय," असं त्यांनी आपणहून सांगितलं. हिरड्या वरवर बऱ्या दिसत होत्या. मी दाढ भरली, हिरडीत मोजपट्टी घातली नाही. तीन वर्षांनी त्या आल्या तेव्हा खालचे चार दात जिभेने ढकलले तरी हलत होते. तेव्हापासून मी तंबाखूच्या माणसाची हिरडी डोळ्याने तपासतच नाही, मोजून तपासतो.

ती मोजपट्टी म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळी असते. दात आणि हिरडीच्या फटीत ती अलगद सरकवतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली बघतात. माझी मदतनीस आकडे लिहीत असते: दोन, तीन, दोन, दोन, सहा, सात. तीनपर्यंत ठीक. चार किंवा जास्त म्हणजे तिथे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून तयार झालेली खोबण. सातच्या खोबणीत तुमचा ब्रश पोचूच शकत नाही. सळी आत गेल्यावर मात्र बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या त्या हिरडीतूनही बऱ्याचदा रक्ताचा थेंब वर येतो. या तपासणीला दहा मिनिटं पुरतात. आईंची ही मोजणी झाली आहे का, हे विचारा. झाली नसेल तर आवर्जून करायला सांगा, सोबत एक्स-रेही.

इथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. मशेरी सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतून पुन्हा रक्त यायला लागू शकतं. "मशेरी सोडलंय आणि रगात येवक लागलां!" म्हणून घाबरून परत डबी उघडणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. आईंना आधीच सांगून ठेवा की रक्त दिसलं तर हिरडी जागी झाली आहे, आता तिची साफसफाई करून घ्यायची. मशेरी एकदम सुटत नसेल तर सकाळची पहिली फेरी शेवटी सोडा, कारण ती सगळ्यांत अवघड असते. आधी दुपारची आणि रात्रीची बंद करा. रागावून काही होत नाही.

दुसरी गोष्ट मधुमेह. साखर चढी असली की जिवाणूंशी लढायची आणि जखम भरायची ताकद कमी होते, हे बहुतेकांना माहीत असतं. उलट बाजू माहीत नसते: हिरड्यांत सतत धुमसणारी सूज साखरही आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलेलं आहे. गोळ्यांच्या जागी हे चालणार नाही, पण गोळ्यांना मदत म्हणून ते थोडकं नाही. २०१८ साली या आजाराचं नवं वर्गीकरण जाहीर झालं. त्यात एचबीएवनसी ७ टक्के किंवा त्याहून जास्त असणं आणि दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढणं, या दोन्ही गोष्टी आजार वेगाने पुढे जाण्याच्या वर्गात धरल्या आहेत. म्हणून माझ्याकडे हलता दात घेऊन चाळिशीपुढचा कुणी आला आणि त्याने कधी साखर तपासलेली नसेल, तर मी आधी ती तपासायला पाठवतो. काहींना आपला मधुमेह असा दातांच्या दवाखान्यातून कळला आहे.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अम्लोडिपिनने, आणि फिटवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढून दातांवर चढतात. मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलता येते का बघायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही मनाने बंद करायच्या नाहीत. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हा दात साफ करून घेणं सुरक्षित असतं आणि मधले तीन महिने त्याला सोयीचे. तोंड कोरडं पडणं, वेडेवाकडे दात, नीट न बसणारी कॅप, यांनी भर पडते. आणि घरात कुणाचे दात पन्नाशीच्या आत हलून पडले असतील तर मुलांनी तिशीतच मोजून घ्यावं.

आता घरी बघता येतील अशा खुणा. घासताना किंवा पेरू चावताना रक्त येणं ही सगळ्यांत आधीची. ती तंबाखूने झाकली जाते हे आत्ताच पाहिलं, त्यामुळे तंबाखूवाल्यांनी पुढच्या खुणांवर जास्त लक्ष द्यावं. पूर्वी अडकत नव्हतं तिथे सुकट, कोंबडीचा धागा अडकायला लागणं. दात लांब दिसायला लागणं, म्हणजे खरं तर हिरडी खाली सरकणं. पुढच्या दातांत नवी फट पडणं: जुना लग्नातला फोटो आणि आरसा शेजारी धरून बघा, फसवणूक होत नाही. सकाळी तोंडाला येणारी वाईट चव आणि वास, जो स्वतःला सहसा कळत नाही, घरच्यांनी मायेने सांगावा लागतो. हिरडी दाबल्यावर पू येणं. आणखी एक सोपी युक्ती सांगतो: तर्जनी वरच्या पुढच्या दातांवर आडवी ठेवा आणि दात एकमेकांवर हलके टकटक करा. बोटाला एखादा दात थरथरताना जाणवला तर तो सैल व्हायला लागला आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी.

दोन गोष्टी यातून वेगळ्या काढा, कारण त्या हिरडीच्या आजारात मोडत नाहीत आणि तिथे उशीर परवडत नाही. पावसाळ्यात ताप आहे आणि हिरडीतून रक्त येतंय, अंगावर लाल ठिपके उठलेत, तर दातांच्या डॉक्टरकडे येऊ नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडे डेंगी आहे, लेप्टो आहे, दोडामार्गकडे माकडताप आहे. दुसरं, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उठला, किंवा तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नाहीत इतकं ते आखडलं, तर कर्करोगाच्या दृष्टीने तपासून घ्या. मशेरी, तंबाखू, सुपारी चालू असेल तर नक्कीच.

म्हणजे इथपर्यंत हिशेब असा: आईंना दोन मोठे धोके आहेत, पहिली खूण मशेरीने दाबली गेली, आणि दात हलणं ही उशिराची खूण आता समोर आली आहे.

आता वाडीतल्या लोकांचं म्हणणं. किटण काढलं की दात हलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून मी त्यांना वेड्यात काढत नाही. आपल्याकडचे जुने गडगे, म्हणजे चिऱ्यांची कुंपणं, आठवा. आतले चिरे कधीच सुटे झालेले असतात, पण वरून रानवेलींनी असा विळखा घातलेला असतो की गडगा उभा दिसतो. वेल तोडली की चिरे हलतात. वेलीने गडगा सावरला नव्हता, तिच्या मुळांनीच तो पोखरला होता. किटणाचं तसंच आहे. चार दातांना एकत्र चिकटवून बसलेला तो दगड काढला की खालचं गेलेलं हाड उघडं पडतं, फटी दिसतात, थंड पाणी काही आठवडे दातांना झोंबतं. पण तो तिथे राहिला तर त्याच्या आसऱ्याने उरलेलं हाडही जाईल. साफ केल्यावर सूज उतरते आणि थोडे हलणारे दात सहा-आठ आठवड्यांत बरेच आवळून येतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. फार हलणारे येत नाहीत.

त्या दोन दातांचं काय होईल ते त्यांच्याभोवती किती हाड उरलंय त्यावर आहे. तिसरा हिस्सा जरी शिल्लक असेल, दात फक्त पुढे-मागे हलत असेल, साखर आटोक्यात आणि मशेरी सुटलेली असेल, तर खोलवर साफसफाई करून मागच्या बाजूने बारीक तार किंवा फायबरने शेजारच्या दातांना बांधून मी ते वर्षानुवर्षं चालवलेले आहेत. दाबल्यावर दात वर-खाली हलत असेल तर बहुधा काढावा लागेल, आणि तो लवकर काढणं शेजारच्या दातांच्या भल्याचं असतं. पॉकेट खोल असतील तर हिरड्यांच्या तज्ज्ञाला, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टला दाखवा. तालुक्याला तो महिन्यातून ठरावीक दिवशी येतो, चौकशी करा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला डेंटल कॉलेज आहे, पण देवगडाहून ते लांब पडतं आणि फेऱ्या तीन-चार होतात, तेव्हा आधी जवळपास बघा.

गावी राहणाऱ्यांचा माझा अनुभव सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. चाकरमानी गणपतीला येतात आणि आईवडिलांना चतुर्थीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आणतात. त्या गर्दीत एकदा साफ करून होतं, पण पुढची तपासणी राहून जाते. खलाशी मात्र जून-जुलैच्या मासेमारी बंदीत येतात, दोन महिने हाताशी असतात, आणि त्यांचं काम पूर्ण होतं. हा आजार एका फेरीचा नाही. पहिली साफसफाई, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणी, नंतर दर तीन महिन्यांनी तपासणी. म्हणून गावात राहणारं कुणीतरी, भाचा असो की शेजारची वहिनी, आईंना नेऊन आणायला ठरवून ठेवा.

घरी मऊ ब्रश घ्या. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून जागच्या जागी हलके हलवायचे, दोन मिनिटं, रात्री झोपण्याआधी नक्की. आडवं खसाखसा घासलं तर हिरडी सोलते. राखुंडी, विटेची पूड, मीठ-कोळसा नको. बोटाने लावलेली कुठलीही पूड दातांच्या मधे पोचत नाही, आणि आजार मधेच सुरू होतो. फटी पडल्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशची छोटी आवृत्ती असते, इंटरडेंटल ब्रश, तो रोज एकदा फिरवा. आईंना दातांच्या फटीत फिरवायचा दोरा (फ्लॉस) जमणार नाही, हे जमेल. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा चालतील, बरं वाटतं, पण किटण त्याने सुटत नाही.

जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. आईंना सकाळचं खाऊन आणि गोळी घेऊनच खुर्चीत बसवा, उपाशी नेऊ नका. पॉकेटचे आकडे कागदावर लिहून मागा आणि जपून ठेवा, दोन महिन्यांनी ताडून बघायला लागतील. आणि त्याच फेरीत, आईंना खुर्चीतून उठवल्यावर, तुम्ही स्वतः तिथे बसा आणि तुमचेही मोजून घ्या.